बावतीस मास्तरांची रजा

आमच्या इमारतीच्या गच्चीवर दोनच गोष्टी वाळत घातलेल्या असत. एक माझ्या कुरडया आणि दुसरे बावतीस मास्तरांचे पॅड. हॉकीचा गोलकीपर पायांना बांधतो ते जाडजूड पॅड. आत कापूस भरला होता की काथ्या, देव जाणे, पण आखातातल्या दोह्याच्या दमट हवेत त्यांना जो वास सुटे तो माझ्या कुरडयांना लागू नये म्हणून मी गच्चीवर खडूने रेघ मारली होती. अलीकडे कुरडया, पलीकडे पॅड. मास्तरांनी ती रेघ कधी ओलांडली नाही. एकदा वाऱ्याने त्यांचा एक पॅड लोळत माझ्या हद्दीत आला. मला त्याचा पत्ताही नव्हता. संध्याकाळी मास्तर आपण होऊन दारात उभे.

"वहिनी, माझा पॅड तुमच्या बाजूला आला होता. कुरडईला शिवला नाही, पण चादरीच्या कडेवर होता. म्हटलं, सांगावं."

मी कपाळाला हात लावला. अशा माणसाशी भांडायची सोयच नसते.

बावतीस घोन्सालविस वसईचे. आपल्या माणसांत ते त्यांची सामवेदी बोली बोलत, आमच्याशी मराठी बोलत, आणि तीही जरा पुस्तकी, कारण गावी असताना ते एका शाळेत पीटीचे मास्तर होते. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. आम्ही कराडकडची माणसं, आमचे हे एका मोठ्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या अकाउंट्समध्ये, आणि कंपनीने आम्हाला अल मुंतझा वस्तीत दोन खोल्या दिल्या होत्या. मास्तर त्याच कंपनीत स्टोअर सांभाळत आणि आमच्या खालच्या मजल्यावर आणखी दोघांबरोबर एका खोलीत राहत. पण स्टोअर हे नावाला. कंपनीने त्यांना आणलं होतं ते हॉकीसाठी.

हे वाचून हसू नका. आमच्या कंपनीचे मोठे साहेब कॅनडाचे होते. त्यांच्या गावी म्हणे तळं गोठतं आणि त्या बर्फावर पायाला पाती बांधून हॉकी खेळतात, आणि तिकडचे खेळाडू पगारी असतात, हॉकी हीच त्यांची नोकरी. साहेबांच्या डोक्यात तेच बसलेलं. इथे बर्फ होता तो फक्त सरबताच्या पिंपात, पोत्यात गुंडाळून आणलेला. मैदान म्हणजे ट्रकने टाकलेली माती, खारं पाणी मारून, रोलर फिरवून दगडासारखी केलेली. पण साहेबांनी हौसेने संघ उभा केला. कोणी फिटर, कोणी ड्रायव्हर, कोणी टाइमकीपर, पण व्हिसा मिळाला तो हॉकी येते म्हणून. दुपारी सगळ्यांच्या आधी सुट्टी, जेवणात रोज अंडं, आणि एकच कडक नियम. मोसम चालू असताना रजा नाही. कोणाची आजी जावो, कोणाला मुलगा होवो. साहेब म्हणत, तिकडे बर्फावर खेळणारे मुलाच्या जन्मालाही घरी जात नाहीत.

आदल्या वर्षी आमच्या संघाने लीग जिंकली होती. कप ऑफिसच्या काचेच्या कपाटात होता आणि साहेब येता-जाता त्याच्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसत.

मास्तर पन्नाशीला टेकले होते. बुटके, रुंद, केस पांढरे, गुडघे वाजणारे. संघाचे कोच तेच आणि गोलकीपरही तेच. गळ्यात कायम शिट्टी. भाजी आणायला गेले तरी शिट्टी, शुक्रवारी मिस्सेला गेले तरी शर्टाच्या आत शिट्टी. तेव्हा दोह्यात चर्च नव्हतं, कोणाच्या तरी घरी मिस्सेची प्रार्थना होई. आमची मीनू आणि तिच्या मैत्रिणी रस्ता ओलांडायला लागल्या की खालून शिट्टी वाजे आणि मास्तर हात आडवा करून गाड्या थांबवत. अरब ड्रायव्हरसुद्धा थांबत. त्या शिट्टीत पोलिसापेक्षा जास्त जरब होती.

नवे पॅड आले की ते पायात बसावेत म्हणून मास्तर ते बांधून इमारतीचे जिने चढत-उतरत. पहिल्यांदा तो धप्प धप्प आवाज ऐकून मी घाबरून दार उघडलं, तर मास्तर हत्तीचे पाय लावून वर येत होते. "घाबरू नका वहिनी, मी आहे," म्हणाले, आणि धप्प धप्प करत गच्चीवर गेले.

मीनूबरोबर कॅरम खेळत तेव्हा स्वतःचे फाउल स्वतःच जाहीर करत. "माझं बोट लागलं. सोंगटी परत ठेव." मीनू इंग्रजी शाळेतली, ती म्हणे, "इट्स ओके अंकल!" मास्तर गंभीरपणे म्हणत, "नो ओके. ठेव परत." पोरगी वैतागून मला म्हणायची, अंकलबरोबर खेळण्यात मजा नाही, ते चीटिंगच करत नाहीत.

पण ह्या स्वभावाचा खरा हिसका साहेबांना बसला होता. कप जिंकला त्याच वर्षी, एका सामन्यात चेंडू मास्तरांच्या पायाखालून घरंगळत रेघेच्या आत गेला आणि त्यांनी पटकन बाहेर ओढला. अंपायर लांब होता, त्याला काही दिसलं नाही. खेळ पुढे चालू झाला. मास्तरांनी हात वर केला आणि ओरडले, "गोल झाला!" स्वतःवरच. समोरच्या संघालाही क्षणभर कळेना की हा आमचा माणूस की त्यांचा. तो सामना आम्ही हरलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं आमचे हे घरी येऊन म्हणाले. साहेबांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, की बाबा रे, तू कोणाच्या पगारावर आहेस? मास्तर म्हणाले, "तुमच्याच, सर. म्हणून तर तुमच्या नावाने खोटा सामना जिंकला नाही." साहेबांनी डोकं धरलं, पण मनातून माणूस ओळखला असावा. त्यानंतर मास्तरांचा पगार वाढला, हे मला अकाउंट्समधूनच कळलेलं.

संघातला त्यांचा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात शिव्या खाणारा पोरगा म्हणजे कासम. रत्नागिरीकडचा, एका खाडीकाठच्या गावचा, काटकुळा, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. चेंडू घेऊन पळायला लागला की बघत राहावं. तिघा-चौघांना चकवून हा पुढे. पण गोल समोर मोकळा दिसला की ह्याची बुद्धी गहाण पडे. चेंडू मारायच्या आधीच मान वर करून गोलकडे बघणार, आणि चेंडू जाणार तिसरीकडेच. मास्तर घसा फाटेस्तोवर ओरडत, "आधी मार, मग बघ! गोल पळून जात नाही, त्याला खुंट्या ठोकल्यात!" कासम कान धरे, पुढच्या वेळी पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

तर अशा संघाचा तो मोसम उजाडला, आणि पहिल्या सामन्यापासूनच ग्रह फिरले. दोन चांगले फॉरवर्ड जास्त पगारासाठी सौदीला गेले. मधल्या फळीतल्या सरदारजीच्या खांद्यावर गोदामात पाइप पडला आणि त्याचं हाड मोडलं. जे उरले ते एकमेकांवर चिडत. आम्ही हरत होतो, कधी बरोबरी करत होतो, आणि जिंकलो तर असे, की प्रतिस्पर्ध्यालाच लाज वाटावी. साहेबांनी कपाटाकडे बघणं सोडलं. नजमा नावाच्या वस्तीतल्या कॅफेटेरियात दुसऱ्या कंपन्यांची माणसं आमच्या मुलांना बघून "आले चॅम्पियन!" म्हणून चहा मागवत.

अशात एके दिवशी मास्तर वर आले. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. आमचे हे ऑफिसात होते. मास्तर आमच्याकडे कधीच खुर्चीवर बसत नसत, आताही उभ्यानेच त्यांनी पुडकं उघडलं. पांढरं शुभ्र साटीनचं कापड, चांगलं वजनदार.

"वहिनी, हे बघा बरं. सूकच्या बाजारातून आणलं. लग्नाच्या झग्याला चालेल?"

"कोणाच्या लग्नाच्या?"

"फिलूच्या."

फिलू म्हणजे फिलोमिना, त्यांची एकुलती एक मुलगी. बायको फिलू लहान असताना गेलेली. पोरीला आजीने वाढवलं होतं, आणि मास्तरांच्या पगारावर ती नर्सिंग शिकली. तिच्या लहानपणीचा फोटो मास्तरांच्या पाकिटात होता, आणि तो त्यांनी मला इतक्यांदा दाखवला होता की ती रस्त्यात भेटली असती तर मी तिला त्याच फ्रॉकमध्ये शोधलं असतं.

मी आनंदाने साखर आणायला वळले, तर मास्तर म्हणाले, "थांबा. कोणाला सांगायचं नाही. साहेबांनासुद्धा नाही. म्हणजे, तुमच्या साहेबांना."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नवरा मुलगा बोटीवर. त्याला महिन्याभरात जहाज गाठायचं, ते वर्षभर परत येणार नाही. आणि मध्येच उपवासकाळ सुरू होणार. ईस्टरच्या आधीचा तो चाळीस दिवसांचा काळ लागला, की त्यांच्यात लग्नं होत नाहीत. म्हणजे लग्न व्हायचं तर उपवासकाळ लागायच्या आधीच्या रविवारी. चर्चमध्ये लग्नासाठी दोघांची नावं पुकारायलाही सुरुवात झाली होती. आणि आपल्या लीगमध्ये पहिले दोन संघ येतील त्यांना बरोबर त्याच आठवड्यात बाहरीनला स्पर्धेला जायचं होतं.

"मोठ्या साहेबांना विचारलं?"

"विचारलं. म्हणाले, मोसम संपला की रजा तुझीच. पण दुसरे आलो तर बाहरीन, आणि बाहरीनला गोलकीपर लागतो."

"अहो, मग सोपं आहे. तुमचा संघ तसाही हरतोच आहे."

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पॅडवर कुरडया वाळत घातल्या होत्या.

"हरायला लागलो तर हरू, वहिनी. पण हरायचं म्हणून नाही. मुलांना कळलं, तर त्यांचा हात आखडेल. माझ्यासाठी कोणी वाकडं खेळलं, तर मी फिलूचा हात धरून चर्चमध्ये आल्तारापर्यंत चालू कसा? शपथ घ्या. कोणाला सांगणार नाही."

मी गणपतीच्या फोटोकडे बघून शपथ घेतली. साटीन माझ्या कपाटात, नऊवारीच्या खाली ठेवलं. नवऱ्यापासून काही लपवायची माझी ती पहिलीच वेळ, आणि माझ्या पोटात पाप राहत नाही तसं गुपितही राहत नाही. ते दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. सामना असला की मी देवापुढे दिवा लावायची आणि मनात म्हणायची, देवा, आज आमच्या लोकांना हरव. आमचे हे मागून म्हणायचे, "बघ, हिला हॉकीतलं काही कळत नाही, पण भक्ती केवढी!"

देवाने निम्मं ऐकलं. आम्ही हरत राहिलो, पण बाकीचेही एकमेकांकडून हरत राहिले. असं होता होता शेवटचा सामना आला तेव्हा गणित असं झालं, की बँकेच्या संघाला हरवलं तर आम्ही दुसरे. बरोबरी झाली तरी बाहेर. इतक्या रडक्या मोसमात असा मोका येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. मोठे साहेब पुन्हा कपाटाकडे बघायला लागले.

शुक्रवारी दुपारनंतर सगळी कंपनी मैदानावर लोटली. आम्ही बायका पिकअपमध्ये बसलो होतो, मांडीवर सरबताचे थर्मास. बँकेचा संघ तगडा, बहुतेक लाहोर-कराचीचे खेळाडू. त्यांनी पहिल्यापासून आमच्या गोलवर हल्ला चढवला आणि बावतीस मास्तर त्या दिवशी जे खेळले, ते मी हॉकी न कळूनही जन्मभर विसरणार नाही. आडवे पडत होते, उठत होते, गुडघ्यावर रांगत होते. एकदा चेंडू छातीवर घेतला. वाजला त्याचा आवाज आम्हाला पिकअपमध्ये ऐकू आला. मी मनात ओरडत होते, अहो, कशाला? जाऊ दे ना एखादा! शेजारच्या बायका टाळ्या वाजवत होत्या, मी पदर तोंडात धरला होता.

गोल कोणाचाच होईना. खेळ संपत आला असताना आमच्या एकाने बँकेच्या माणसाला गोलपुढेच पाडलं आणि त्यांना पेनल्टी स्ट्रोक मिळाला. म्हणजे समोर एक माणूस, एक चेंडू, आणि मध्ये फक्त मास्तर. आता मात्र मला वाटलं की सुटलो. ह्यात शंभरात नव्वद वेळा गोल होतोच, आमच्या ह्यांनीच सांगितलेलं. मास्तरांनी नुसतं उभं राहायचं, अंगठाही हलवायचा नाही, आणि जगात कोणी त्यांना बोल लावणार नाही. फिलूचं लग्न, रविवार, बँड, सगळं त्या एका चेंडूत.

मास्तरांनी डावा पाय फेकला आणि चेंडू अडवला.

मैदान उसळलं. मोठ्या साहेबांनी हॅट हवेत उडवली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि शेजारीण म्हणाली, "बघा, वहिनींना किती आनंद झालाय!"

आणि खेळ पुन्हा सुरू करायला आमच्या एकाने मारलेला चेंडू पुढे कासमला मिळाला. तो सुटला. बँकेची सगळी माणसं पुढे आलेली, मागे मोकळं रान. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, गोलकीपर धावत अंगावर आला, त्यालाही चकवून आडवा पाडला. समोर मोकळा गोल. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा चेंडू खांबाच्या बाहेरून सरबतवाल्याच्या पिंपाला जाऊन लागला होता आणि कासम डोकं धरून मातीत बसला होता.

शिट्टी झाली. शून्य-शून्य. खलास.

माझा जीव भांड्यात पडला. मास्तर मात्र अख्खं मैदान ओलांडून पॅडसकट धप्प धप्प पळत गेले आणि कासमच्या डोक्यावर उभे राहून शब्दकोशातल्या आणि कोशाबाहेरच्या सगळ्या शिव्या त्यांनी दिल्या. मोकळा गोल! मोकळा! त्यांचा राग इतका खरा होता की मला भीती वाटली, हा माणूस फिलूला विसरला की काय. मग सगळे पांगल्यावर मी पाहिलं, मास्तर गोलच्या मागे एकटेच उभे होते. त्यांनी कपाळ, छाती, दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूस केला आणि ओंजळीत तोंड झाकलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तोंड वाकडं करून रजेवर सही केली. पुढच्या शुक्रवारी दुपारचं विमान, आणि त्यानंतर नऊ दिवसांनी रविवारी लग्न, झगा शिवायला तेवढी सवड. तीन-चार दिवसांनी तिकीट हातात आलं तशी शपथ सुटली म्हणून मी आमच्या ह्यांना सांगितलं, ह्यांनी ऑफिसात सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत कामगारांच्या सगळ्या कॅम्पात बातमी झाली की मास्तरांच्या पोरीचं लग्न आहे. घोडं गंगेत न्हालं असं मी म्हणत होते, तोवर गुरुवारी मास्तर दारात. चेहरा राखेसारखा.

"वहिनी, तुम्ही कासमला आधी सांगितलं होतं?"

"देवाशप्पथ नाही. नवऱ्याला नाही सांगितलं, तिथे कासमला?"

"मग तो असं का म्हणतो?"

झालं होतं असं. तो गोल चुकवल्यापासून पोरांनी कासमचं जगणं मुश्कील केलं होतं. टँकर घेऊन कुठेही गेला, की कोणीतरी खांबाच्या बाहेर बोट दाखवून हसे. आणि मग लग्नाची बातमी आली. कासमला तीत सुटका दिसली. नजमाच्या कॅफेटेरियात तो उठून म्हणाला, अरे येड्यांनो, मी तो मुद्दाम घालवला. मना ठाव होता, मास्तरांच्या पोरीचं लगीन हाय. झालं. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्याच्या चहाचे पैसे कोणी घेईना. चार दिवस शेण खाल्लेला माणूस एका वाक्यात हिरो झाला, आणि ती वार्ता मास्तरांपर्यंत पोचली.

"मी जाणार नाही," मास्तर म्हणाले. "साहेबांकडे जाऊन सांगतो, की सामना वाकडा झाला. मग ते ठरवतील."

"अहो, साहेब त्या पोराला सरळ एक्झिट मारून घरी पाठवतील!"

"ते मला माहीत आहे. म्हणून तर रात्रभर झोप नाही. सांगितलं तर त्याची भाकरी जाते, न सांगता गेलो तर मी चोरीच्या रजेवर पोरीचं लग्न लावतो. माझं डोकं चालत नाही, वहिनी."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये उभा हा पांढऱ्या केसांचा माणूस. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही, आणि तितकंच भरूनही आलं. त्यांना मी उद्या सकाळपर्यंत थांबा म्हटलं आणि आमच्या ह्यांना पिकअप घेऊन कॅम्पात पिटाळलं.

शुक्रवारी सकाळी कासम माझ्या स्वयंपाकघरात मान खाली घालून उभा होता. मी त्याला फैलावर घेतलं. त्याने दोन मिनिटांत कबूल केलं. "खोटा बोललो, भाभी. अल्लाशपथ, मना काय ठाव नवता. मी मारला तो गोल करूकच मारला."

मास्तरांना वर बोलावलं. कासमने त्यांचे पाय धरून तेच पुन्हा सांगितलं. मास्तरांनी त्याला उठवलं, पाठीवर हात ठेवला, आणि म्हणाले, "समजलं, पोरा. आता मला पाठवण्यासाठी खोटं बोलतोस."

आता आली का पंचाईत! मुद्दाम केलं म्हणावं तर मास्तर विश्वास ठेवणार, नाही म्हणावं तर ती कासमची माया समजणार. कासमने अल्लाच्या, सगळ्या पिरांच्या शपथा घेतल्या. मास्तर नुसती मान हलवत होते. शेवटी कासमचं रक्त तापलं. "मास्तर, चला मैदानावर! चला! आता दाखवतो मी कसा खेळतो तो!"

सकाळच्या उन्हात मैदान रिकामं. आम्ही चौघंच, आणि मास्तरांची बॅग पिकअपमध्ये. आमचे हे घड्याळ बघत होते. मास्तरांनी चेंडू त्या दिवशी होता तिथेच ठेवला. "मार."

कासमने उभ्या उभ्या मारला. सरळ गोलात.

मास्तरांचा चेहरा पडला. मला वाटलं संपलं, ह्या गाढवाने नको तेव्हा नीट मारला. पण कासमच ओरडला, "असा नाय! तवा मी धावत आल्तो!" आणि चेंडू घेऊन पार मधल्या रेघेपर्यंत गेला. तिथून तो सुटला, त्याच वेगाने, नसलेल्या माणसांना चकवत. गोल समोर आला. फटका. चेंडू खांबाच्या बाहेर.

कासमने स्टिक आपटली. पुन्हा मागे गेला. पुन्हा धावत आला. ह्या वेळी दुसऱ्या खांबाच्या बाहेर. तिसऱ्यांदा चेंडू गोलवरून. त्याचे डोळे लाल झाले होते, ओठ दाताखाली, आणि तोंडाने स्वतःलाच शिव्या घालत होता. खरं सांगायचं तर माझ्या मनात पाल चुकचुकली, की मुद्दाम चुकवणारा पुन्हाही मुद्दाम चुकवू शकतो. मी चोरून मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत होता.

"वहिनी, बघितलंत?" ते माझ्या कानाशी म्हणाले. "ज्याला चेंडू बाहेर घालवायचा असतो, तो चेंडूवरची नजर काढत नाही. बरोबर बाहेर जावा म्हणून जपून मारतो. आणि हा बघा! हा गोलकडे बघतोय! नुसता गोलकडे बघतोय, मूर्ख!"

असं म्हणून ते मातीतच खाली बसले आणि हसायला लागले. खुर्चीवर कधी न बसणारा माणूस फतकल मारून बसला होता. हसता हसता रडत होते, बाहीने डोळे पुसत होते, आणि पुन्हा हसत होते. "चुकतो! खरोखरच चुकतो हा! आई मरिये, ह्याला काही म्हणजे काही येत नाही!" कासमही रडत होता, पण रागाने. जगात इतक्या आनंदाने कोणी कोणाला नालायक ठरवलेलं मी पाहिलं नाही.

मग मास्तर उठले आणि त्यांनी जे केलं त्याने आमच्या ह्यांचा धीर सुटायची वेळ आली. त्यांनी कासमची मान धरून खाली केली. "अशी! इथे! चेंडू निघून गेला, की मग वर. ये पुन्हा." विमानाची वेळ होत आलेली आणि हे गृहस्थ मैदानावर कोचिंग करत होते. शेवटी आमच्या ह्यांनी पिकअपचा हॉर्न दाबून धरला तेव्हा कुठे दोघं धावत आले.

मास्तर त्या रजेवरून परत आले नाहीत. पुढचा मोसम यायच्या आतच मोठ्या साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांना खेळाचं काही सोयरसुतक नव्हतं, आणि संघ बंद झाला. कोणाला घरी पाठवलं नाही, सगळे फिटर फिटरच्या आणि ड्रायव्हर ड्रायव्हरच्या कामाला लागले, आणि खरं म्हणजे सगळ्यांना हायसंच वाटलं. मास्तरांना गावच्या शाळेने पुन्हा बोलावलं होतं. लग्न थाटात झालं, बँडमागून ते फिलूचा हात धरून चालत चर्चपर्यंत गेले, असं वसईहून आलेल्या एकाने सांगितलं. माझ्यासाठी त्याच्याबरोबर सुकेळी पाठवली होती, केळीच्या सोपात बांधून. पण प्रत्यक्ष भेट पुन्हा झाली नाही. तेव्हा विमानतळावर दिसले तेवढेच.

तिथे आम्ही पोचलो तेव्हा शेवटची माणसं आत जात होती. मास्तरांचा कोट मातीने भरलेला, मी तो झटकून दिला. साटीनचं पुडकं त्यांनी काखेत घट्ट धरलं होतं, सामानात टाकायला तयार नव्हते. मला हात जोडले, आमच्या ह्यांचा हात हातात घेतला. कासम लांब, खांबाला टेकून उभा होता. मास्तर त्याच्याकडे गेले आणि सगळ्यांदेखत त्यांनी त्याला मिठी मारली.

"थँक यू, पोरा."

कासम अजून घुश्शातच होता. "थँक यू कशाला, मास्तर? सांगितला ना, मी मुद्दाम नाय घालवला."

"म्हणून तर," मास्तर म्हणाले, आणि पुडकं सावरत आत गेले.